चरायला सोडण्याआधी: मेंदूवर जाणाऱ्या पाल्याची ओळख

बाजारातून पाच-सात शेळ्या आणून दावणीला बांधल्या की नव्या पशुपालकाला दोनच गोष्टी सुचतात, लस आणि चारा. पाल्याची विषबाधा होते हे त्याने ऐकलेलं असतं. पण त्याच्या डोळ्यापुढे असते ती पोटफुगी, हगवण, फार तर तोंडाला आलेला फेस. मज्जासंस्थेवर जाणारं विष असं वागत नाही. पोट ठीक असतं, लेंडी ठीक असते, कधी कधी भूकसुद्धा ठीक असते. बिघडते ती चाल, किंवा मानेची ठेवण, किंवा डोळ्याची बाहुली. तिथे बघायची सवय नसेल तर जनावर पडेपर्यंत काही कळत नाही.

मला कळलं नव्हतं. आमची एक उस्मानाबादी पाट, म्हणजे तरुण शेळी, ओढ्याकाठी चरायची. एका सकाळी गव्हाणीत भरडा टाकला, तर तिचं तोंड भरड्याच्या दोन बोटं बाजूला जात होतं. पुन्हा नेम धरायची, पुन्हा चुकायची, आणि मान सारखी बारीक हलत होती, कुणाला नाही-नाही म्हणावं तशी. घरात कुणी म्हणालं वारं आहे, कुणी म्हणालं गिड आहे, म्हणजे मेंदूत जंताची पिशवी झाली आहे. मी चार दिवस बघत बसलो. पाचव्या दिवशी कुत्रं भुंकलं, पाट दचकून पळाली आणि मागचे पाय एकमेकांत अडकून आडवी झाली. ओढ्याकाठी काय होतं ते मी तेव्हा जाऊन पाहिलं. बेशरम नावाच्या झुडपाचं रान, आणि शेंडे सगळे खुडलेले.

खाली लिहितोय ते त्या चार दिवसांत मला माहीत असायला हवं होतं. झाडांची यादी लांबलचक होऊ शकते, पण मी ती लांबवणार नाही. कण्हेर आणि रुई प्रामुख्याने हृदयावर जातात, घाणेरी यकृतावर, एरंडाचं बी आतड्यावर. ती वेगळी गोष्ट. इथे फक्त मेंदू, मज्जारज्जू आणि नसा.

आधी स्वतः चालून या

जनावरं सोडण्याआधी त्या माळावर, ओढ्याकाठी, बांधावर एकदा मोकळ्या हाताने फिरून यायचं. एकट्याने नको. तिथे वर्षानुवर्षं मेंढरं घेऊन येणारा धनगर किंवा गावचा गुराखी सोबत घ्या आणि त्याला एकच विचारा, ‘मेंढरं कशाला तोंड लावत नाहीत, आणि कधी लावतात?’ दुसरा अर्धा भाग महत्त्वाचा आहे. धोतऱ्याला जनावर तोंड लावत नाही हे सगळेच सांगतील. वैशाखात चारा संपल्यावर काय होतं, हे ज्याने पाहिलंय तोच सांगेल.

फोनवर फोटो काढा, पण पानाचा एकच फोटो पुरत नाही. खोडाला पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, फूल, फळ, आणि झाड कुठे उभं आहे, एवढं त्यात यायला हवं.

मग घड्याळाने झाडं लक्षात ठेवा

पुस्तकात ही झाडं कुळानुसार येतात. गोठ्यात त्याचा उपयोग नाही. मी ती वेळेनुसार लक्षात ठेवतो: मिनिटांत मारणारी, तासांत झिंगवणारी आणि आठवड्यांनी उघडकीला येणारी.

मिनिटांचं विष आपण स्वतः पेरतो. कोवळी ज्वारी. गावाकडे ‘किराळ लागली’ म्हणतात ती हीच. ज्वारीच्या कोवळ्या पोंग्यात धुरिन नावाचं द्रव्य असतं. पान चावलं, चुरगळलं की त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटतं. सायनाइडच ते. रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो, पण पेशींना तो वापरताच येत नाही, आणि सगळ्यात आधी मेंदू गुदमरतो. जनावर धापा टाकतं, थरथरतं, कोसळतं, पाय झाडतं. डोळ्याची आतली त्वचा आणि हिरड्या सुरुवातीला लालभडक दिसतात. फिकट नाही, निळ्या नाही, लालभडक. एवढी एक खूण लक्षात राहिली तरी डॉक्टरांचं निम्मं काम होतं. उपाय आहे. सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट शिरेतून द्यावं लागतं. पण ते काम डॉक्टरांचं, आणि वेळ फार थोडा.

धोका कधी? पीक गुडघ्याएवढं असताना, पावसाने ताण दिल्यावर, आणि कापणीनंतर फुटलेल्या खोडव्याला. खोडवा सगळ्यात फसवा. चहूकडे वाळलेलं रान आणि मधे हिरवेगार धुमारे. दुष्काळात सुकून बसलेल्या पिकावर एक पाऊस पडला की फुटणारे कोंबही तसेच. फुलोऱ्यावर आलेली ज्वारी बरीच सुरक्षित, आणि नीट वाळलेल्या कडब्याची भीती नाही, कारण वाळताना आम्ल उडून जातं. अर्धवट सुकलेली मात्र सुरक्षित समजू नका. ‘कालची कापलेली आहे, आता काही होत नाही’ म्हणून घातलेल्या वैरणीने दावणी रिकाम्या झाल्या आहेत.

तासांच्या गटात पहिला धोतरा. त्याच्या मुळाबद्दल वनस्पतिशास्त्रज्ञांत वाद आहेत, बहुतेकांचा कौल अमेरिकेकडे आहे. आपल्याकडे तो इतकी शतकं आहे की शंकराच्या पिंडीवर बसून पुरता देशी झाला. उकिरड्याच्या कडेला, पडक्या वाड्यात, शेताच्या कोपऱ्यात येतो. पांढरं किंवा जांभळट कर्ण्यासारखं फूल आणि काटेरी फळ, चुकायला वाव नाही. पाल्याला वास उग्र, म्हणून उभ्या झाडाला जनावर सहसा शिवत नाही. शेळ्या-मेंढ्यांना तो गाईंपेक्षा बराच पचतो असंही दिसतं. मग बाधा होते कशी? कुट्टी यंत्रातून. मका किंवा कडवळ कापताना मधला धोतरा त्याच पेंढीत येतो, कुट्टी होते, वास मिसळून जातो आणि गाय निवडून बाजूला काढू शकत नाही. बी धान्यात मिसळून भरड्यातही येतं.

धोतऱ्यातली ॲट्रोपीन आणि स्कोपोलामिन ही द्रव्यं मज्जातंतूंचे काही निरोप अडवतात. तोंड कोरडं ठक्क, बाहुल्या मोठ्या झालेल्या, नाडी जलद, पोटाची हालचाल बंद. जनावर बेचैन होतं, झोकांड्या खातं, दिसत नसल्यासारखं खांबाला धडकतं.

इथे थोडं थांबतो, कारण नवख्यांच्या हातून सगळ्यात महागडी चूक इथेच होते. फवारणी केलेल्या रानात चरलेलं जनावरसुद्धा असंच थरथरतं आणि पडतं. ते कीटकनाशक ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं असेल तर त्याचा उतारा ॲट्रोपीनच, म्हणजे धोतऱ्यातलंच द्रव्य. एखाद्या शेजाऱ्याने औषधाच्या पेटीतली ॲट्रोपीनची बाटली काढून धोतरा खाल्लेल्या गाईला टोचली, तर विषावर विष झालं. म्हणून सुई हातात घेण्याआधी दोन ठिकाणी बघायचं, डोळा आणि तोंड. बाहुली टाचणीएवढी आणि लाळेच्या तारा लोंबतायत, तर संशय फवारणीचा. बाहुली मोठी आणि तोंडात बोट फिरवावं तर चिकटेल इतकं कोरडं, तर धोतऱ्याचा. (बोट फिरवून बघू नका. का ते पुढे सांगतो. ओठ जरा बाजूला होऊन हिरडी दिसली तरी कळतं.) डॉक्टरांना फोनवर पहिलं वाक्य हेच सांगा: बाहुली कशी आहे आणि लाळ आहे की नाही.

तासांतला दुसरा काजरा, आणि तो खरा आपल्या मातीतला. कोकण, गोवा आणि घाटाखालच्या रानातलं झाड. पानं समोरासमोर, तुकतुकीत, देठापासूनच निघालेल्या तीन ते पाच ठळक शिरांची. फळ लहान संत्र्यासारखं, पिकलं की नारिंगी, कवच कडक. आत पांढरा गर आणि त्यात चपट्या, बटणासारख्या बिया. त्यांच्यावर रेशमी करडी लव असते. हाच कुचला. त्यातलं स्ट्रिकनीन मज्जारज्जूतला लगाम काढून घेतं. स्नायूला ‘पुरे’ सांगणारा निरोप पोचत नाही, मग दार वाजलं, सावली पडली, हात लागला, एवढ्यानेही सगळं अंग ताठतं. पाय लाकडासारखे, मान मागे, आणि जनावर पूर्ण शुद्धीत. बघवत नाही.

कोकणात ‘काजऱ्यासारखं कडू’ म्हणतात ते उगाच नाही. त्या कडवटपणामुळेच उभ्या झाडाची बाधा क्वचित होते. धोका आहे तो माणसाने तोडून आणलेल्या भाऱ्यात: आईन, किंजळ, उंबर यांच्या टाळांत काजऱ्याची कोवळी फांदी आली, आणि घरात दिवसभर बांधलेल्या भुकेल्या शेळीपुढे पडली. मुंबईहून गावी परतून शेळ्या पाळायला लागलेल्या माझ्या एका आतेभावाला मी एवढंच सांगितलं, ‘दादा, पाला आणायला गड्याला पाठवशील तर पहिले आठ दिवस भारा तू स्वतः सोडायचा.’ झाड मात्र तोडायचं नाही. धनेशासारखे पक्षी त्याचा गर खातात, आणि झाड आपल्या शेळीच्या मागे धावत नाही.

याच गटात हरीक, म्हणजे कोद्रा. दाणा स्वतः विषारी नाही, पण कापणीच्या वेळी पाऊस लागून बुरशी धरली की तो झिंगवतो. माणसालाही आणि जनावरालाही. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या बांधवगडमध्ये कोदोचं उभं पीक खाऊन १० हत्ती मेले. तपासणीत सायक्लोपियाझोनिक आम्ल सापडलं, ते या बुरशीचंच. पावसात भिजलेल्या हरकाचा पेंढा किंवा कोंडा ‘जनावरांना चालतो’ म्हणून दावणीला टाकू नका.

विदर्भातल्या धानपट्ट्यातली लाखोळी, म्हणजे लाखेची डाळ, सगळ्यांना माहीत आहे. ती महिनोन्‌महिने मुख्य खाणं झाली तर पाय जातात. नुसत्या लाखोळीवर जनावर ठेवायचं नाही, एवढं पुरे.

आठवड्यांनी उघडकीला येणारी: बेशरम

ही आपली नव्हे, अमेरिकेच्या उष्ण भागातून आली, पण आज कॅनॉलच्या कडेला, तळ्याच्या काठाला, कुंपणाला तीच दिसते. फिकट जांभळं-गुलाबी नरसाळ्यासारखं फूल, पान बदामासारखं निमुळतं, फांदी मोडली की पांढरा चीक. दुष्काळात सगळं वाळतं तेव्हा हिरवी फक्त ही. नाव सार्थ आहे.

शेळी पहिल्या दिवशी तिला हुंगून सोडून देते. भूक लागली की चाखते. चाखली की सवय लागते, आणि मग चांगला चारा समोर असला तरी तिकडेच ओढ घेते. वाईट म्हणजे एक शेळी खायला लागली की दुसऱ्या तिचं बघून शिकतात. झाडात वस्तीला असलेली एक बुरशी स्वेनसोनीन नावाचं द्रव्य तयार करते. पेशीच्या आत साखरेच्या लांब साखळ्या तोडणारं एक विकर असतं, ते हे द्रव्य बंद पाडतं. साखळ्या तुटत नाहीत, साचत जातात, पेशी फोडांनी भरते. लहान मेंदूतल्या, तोल सांभाळणाऱ्या पेशींचं त्यात सगळ्यात जास्त नुकसान होतं. म्हणून भरडा बाजूला आणि तोंड भलतीकडे.

ऑस्ट्रेलियात ‘डार्लिंग पी’ नावाच्या तिथल्या मूळच्या रानवाटाण्याने मेंढरं अशीच डोलू लागतात. स्वेनसोनीन पहिल्यांदा वेगळं काढलं ते १९७९ मध्ये त्याच्याच एका भाऊबंदातून, आणि नावही त्यांच्या ‘स्वेनसोना’ या प्रजातीवरून पडलं. अमेरिकेच्या पश्चिमेला ‘लोकोवीड’ नावाच्या देशी वनस्पतींत हेच द्रव्य आहे. ‘लोको’ म्हणजे स्पॅनिशमध्ये वेडा. तिन्हीकडे गोष्ट एकच: चारा आटल्यावर खाल्लं, चव लागली, मग सोडवेना.

ओळखायची एक सोपी चाचणी आहे. शेळी खातेपिते आहे, कुत्रं चावल्याचा संशय नाही, अशीच शेळी निवडा. हनुवटीखाली हात देऊन तोंड आभाळाकडे करा, मिनिटभर तसंच धरा आणि एकदम सोडा. चांगली शेळी मान झटकून चालू लागते. बाधलेली मागच्या पायांवर लडखडते, बसते, कधी सरळ आडवी होते. अजून काहीच दिसत नसलेल्या शेळ्याही या चाचणीत सापडतात. आमच्या पाटीनंतर मी सगळ्या शेळ्या तशा पाहिल्या. आणखी दोन निघाल्या, चालताना अगदी व्यवस्थित होत्या.

उतारा नाही. फक्त बेशरम खाणं तोडायचं. लवकर तोडलं तर काही आठवड्यांत शेळी सावरते. उशीर झाला तर मेलेली मज्जापेशी परत येत नाही आणि डोलणं राहतं. आमची पाट जगली, पण दचकली की आजही बसते. गाभण शेळ्या गाभडतात, करडं अशक्त निघतात. आणि हे द्रव्य दुधातून उतरतं, त्यामुळे बाधलेल्या शेळीचं दूध ना करडाला ना घरात.

भूक आधी मारा, मग सोडा

वर सगळीकडे एक शब्द परत परत आला, भूक. आठवडी बाजारातून आणलेली शेळी प्रवासात उपाशी असते, आणि तिला तुमच्या माळावरचं काहीच ठाऊक नसतं. जिथे जन्मली तिथला पाला ती आईच्या मागे फिरून शिकली होती, इथला नाही. पहिले दहा-पंधरा दिवस तिला गोठ्यातच वैरण द्या. नंतर सोडतानाही सकाळी कडबा किंवा वाळलं गवत आधी खाऊ घाला, पाणी दाखवा, मग सोडा. पहिल्या आठवड्यात दोन तासांत परत आणा. भरल्या पोटाची शेळी निवडून खाते, तिचा तो स्वभावच आहे.

ज्वारीच्या रानाशेजारून नेताना गड्याने फोनवर बोलू नये. हे मी गंमतीने लिहीत नाही.

बेशरम नुसती कापून उपयोग नाही. फांदीचा तुकडा ओलाव्यात पडला तरी मूळ धरतो. उपटा, मुळासकट काढा, उंच कोरड्या जागी वाळू द्या. ओढ्यात टाकलीत तर खालच्या गावाला लावून दिलीत.

रोज संध्याकाळी दारात उभं राहून शेळ्या आत येताना मोजतो आपण. मोजताना पाय बघा. उंबरठा ओलांडताना कोण पाय जास्त उचलतं, कोण अडखळतं, कोण कळपाच्या मागे राहतं. ओळीने जाणाऱ्या वीस शेळ्यांत वेगळी चाल चटकन डोळ्यात भरते, एकट्या बांधलेल्या शेळीत नाही.

झालंच, तर

पहिली गोष्ट: तोंडात हात घालायचा नाही. झिंगणारं, लाळ गाळणारं, गिळता न येणारं जनावर पिसाळलेलंही असू शकतं, आणि रेबीज झालेली गाय घशात काहीतरी अडकल्यासारखीच दिसते. अडकलेलं काढायला म्हणून हात घातलेल्या माणसांना नंतर सुया घ्याव्या लागतात. लाळ लागलीच असेल तर साबण लावून वाहत्या पाण्यात १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा.

दुसरी: काही पाजायचं नाही. तेल, ताक, गुळाचं पाणी, कोळसा, जो तो आपलं सांगेल. नसा बाधलेल्या जनावराला गिळता येत नाही. बाटलीतलं फुप्फुसात जातं आणि विषाने न मेलेलं जनावर न्यूमोनियाने मरतं. पाजायचं असेल तर डॉक्टर नळीने पाजतील.

मग फोन. सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक १९६२. गावातल्या दवाखान्याचा नंबर आधीच भिंतीवर लिहून ठेवा. डॉक्टर येईपर्यंत जनावराला सावलीत, मऊ जागेवर, छातीवर बसवा. दोन्ही बाजूंनी गवताची पोती लावा, म्हणजे आडवं पडून पोट फुगणार नाही, तोंड किंचित खाली ठेवा, म्हणजे लाळ बाहेर पडेल. अंग ताठत असेल तर अंधार करा, पोरांना हाकला, रेडिओ बंद. झटका आलेल्या जनावराचे पाय दाबून धरू नका.

एक माणूस लगेच रानात पाठवा: कुठे चरलं, काय खुडलेलं आहे, त्याची फांदी फुला-फळासह पिशवीत. दुसऱ्याने बाकीची जनावरं त्या रानातून हलवावीत. आणि कागदावर वेळ लिहा. किती वाजता सोडलं, किती वाजता पहिली खूण दिसली. हे आठवणीवर सोडलं की तासाभराने प्रत्येकाची वेळ निराळी होते.

डॉक्टरांना झाडाचं नाव ठणकावून सांगू नका, पाहिलेलं सांगा. कारण अशाच खुणा दुसऱ्या बऱ्याच गोष्टींनी होतात. काजऱ्यासारखं ताठणं धनुर्वातातही येतं, पण तिथे ते सावकाश वाढतं आणि बहुधा आठवडा-दोन आठवड्यांपूर्वीची एखादी जखम, खच्चीकरण, टॅगचं भोक सापडतं. मेंढरू एकाच बाजूला गोल फिरत असेल तर गिड आठवावा. चांगलं धष्टपुष्ट करडू भरपूर धान्य खाऊन दुसऱ्या दिवशी मरून पडलं तर आंत्रविषार. त्याची लस मिळते. गोठ्यात जुनी बॅटरी फुटून पडली असेल तर तीही सांगा, शिसं मेंदूवरच जातं.

मेलंच, तर मांस विकायचं नाही, वाटायचं नाही. कातडी सोलायच्या आधी शवविच्छेदन करून घ्या आणि पोटातला पाला डॉक्टरांसमोर बघा. चावलेली पानं ओळखू येतात, बिया तर हमखास. विमा असेल तर कानातला बिल्ला काढू नका, जनावर पुरायच्या आधी कंपनीला कळवा, बिल्ला दिसेल असा फोटो घ्या. बिल्ल्याचे आकडे शेणाने झाकलेले असतात, ते आधी पुसून घ्या.